सावलीतली मात्रा

डिझायनर मुलगी आली ती रडत नव्हती, दातओठ खात होती.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत खरं कळलं नाही तर माझी नोकरी गेली!"

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, स्कूटर चालवत. डोकं चालवायचं काम त्यांनी वहिनींवर सोपवलं होतं.

भानगड अशी, की मोत्यांच्या दुकानावर हत्तीएवढा फलक लागला. त्यावर असायला हवं होतं 'अस्सल मोती'. छापून आलं 'अस्सल माती'.

फलकाखाली दुकानाचे शेठ येरझारा घालत होते. "दुकानसमोर लोक हसतात! आजोबापासूनचा मोतीचा धंदा मातीत घातला!" घाईत शब्दांची शेपटं गिळायची त्यांना सवयच होती.

भाऊजींनी मान वर केली. "वहिनी, चित्रातल्या मोत्याला तडा गेलाय. आणि अक्षराखालच्या सावलीत तर 'मो'च आहे की! मशीन तोतरं दिसतंय."

"तोंड मिटा, डोळे उघडे ठेवा. छान चाललंय तुमचं."

डिझायनरचा मालक आपल्या ऑफिसात तावातच होता. "हिची दुसरीकडे नोकरी ठरतेय. जाता जाता सूड उगवला!"

"सूड उगवायचा तर फलकाच्या कोपऱ्यात डिझायनर म्हणून माझंच नाव कशाला ठेवीन?" मुलगी फणकारली.

"शेठच्या मंजुरीनंतर तू काय केलंस?" वहिनींनी विचारलं.

"अक्षरांची आउटलाइन केली. म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, दुसरीकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. सावलीचंही वेगळं चित्र होतं. त्याआधी अक्षर बदललं, की सावली आपोआप बदलते."

छापखान्यात मशीनमास्तर हात पुसत म्हणाले, "मजकुराला आम्ही हात लावत नाही. शेठचा फोन आला, सफाई सांगितली, तेवढी केली."

"छापलेलं वाचलं नाहीत?"

"बाई, आम्ही रंग बघतो. वाचत बसलो तर छापणार कधी?"

वहिनींनी मास्तरांना आणि शेठना मालकाच्या ऑफिसात आणून बसवलं.

"हिने टाईप करून बदललं असतं, तर सावलीतही 'माती' झाली असती. म्हणजे बदल आउटलाइननंतरचा."

"तोही हीच करू शकते," मालक म्हणाला.

"करू शकते. पण नंतर सफाई झाली म्हणतात, आणि भाऊजींचा तडा तर तसाच आहे. मग साफ काय झालं? शेठ, फोनवर नेमके काय म्हणालात?"

"मोतीवरची तिरकी रेघ काढा! फोटोत मोतीवर केस आला होता ना."

"मोत्यावरची म्हणाला असतात, तर मास्तरांनी मोत्याकडे बघितलं असतं. तुम्ही 'मोतीवरची' म्हणालात. त्यांनी 'मोती' हा शब्द बघितला. त्यावर तिरकी रेघ एकच होती. मात्रा!"

"सांगितली ती काढली," मास्तर म्हणाले. "चित्रच होतं, झटक्यात निघाली."

भाऊजींनी आ वासला. शेठ खिडकीबाहेर बघू लागले.

मालकाने घसा खाकरला. "बरं... तू थांब मग."

"थांबते," मुलगी म्हणाली. "पण दार उघडून मोठ्याने म्हणा. नोकरीवरून काढतो म्हणालात, तेव्हा सगळ्या ऑफिसाला ऐकू गेलं होतं."

मालकाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी उठून दार उघडलं.