दोघे आत, एक बाहेर

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि शेवटचा भाग तर माझ्याच गॅलरीत, माझ्या डोळ्यांदेखत घडला. भुताच्या गोष्टीला म्हणे रात्र लागते, अंधार लागतो. इथे तसलं काही नाही. रविवारची सकाळ होती. लख्ख ऊन होतं. शहराबाहेरच्या दलदलीत पाखरांचा नुसता कलकलाट चालला होता.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आमच्या या दादाला सगळे बगळा म्हणतात. उंच, किडकिडीत, आणि एका जागी तासन्‌तास न हलता उभा राहणारा. पेशाने फोटोग्राफर. स्टुडिओ त्याचा आणि त्याच्या मित्राचा, भागीदारीत. मित्र बुटका, चुळबुळ्या, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याचं नाव अर्थातच चिमणा पडलं. आठवडाभर दोघे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचे, आणि सुट्टी आली की कॅमेरे उचलून दलदल गाठायचे.

कॅमेरा हातात कसा धरायचा इथपासून चिमण्याला दादाने शिकवलं होतं. हे दादा सगळ्यांना सांगायचा. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

दलदलीत लाकडी फळ्यांची एक वाट आहे. तिच्या टोकाला या दोघांचं लपण. लपण म्हणजे मळक्या हिरव्या कापडाची, दोन माणसं जेमतेम मावतील अशी खोपी. पुढे लेन्सपुरतं भोक, मागे पडदा. आत दडून पाखरांचे फोटो काढायचे. पण पाखरं खुळी नसतात. माणूस आत शिरताना दिसला की तो बाहेर पडेपर्यंत ती जवळ फिरकत नाहीत. त्यावर एक युक्ती आहे. दोघांनी आत जायचं. थोड्या वेळाने एकाने बाहेर पडायचं आणि सगळ्यांना दिसेल असं, पाय वाजवत, खोकत, वाटेवरून परत जायचं.

पाखरांना मोजता येत नाही. त्यांना वाटतं माणूस गेला, आत आता कोणी नाही. मग ती निर्धास्त येतात.

म्हणजे एक बसणारा, एक चालणारा. आणि चालणाऱ्याच्या हाती फोटो लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिथे काळ्या करकोच्याचं घरटं दादाने शोधून काढलं. भलता बुजरा पक्षी. लपण दादाने बांधलं, हात सोलून घेतले, आणि बसायची पाळीही त्याचीच होती. ऐन वेळी चिमणा म्हणाला, आज मी बसतो रे, उद्या तू बस. दादा पडला भिडस्त. गेला आपला खोकत खोकत परत.

त्या रात्री वादळ झालं. घरटं खाली आलं आणि करकोचे निघून गेले.

चिमण्याने काढलेल्या फोटोला मात्र मोठं बक्षीस मिळालं. पिल्लांच्या चोचीत घास भरवणारी मादी, मागे सकाळचं धुकं. त्या एका फोटोने त्याला जगाचं दार उघडलं. आज बर्फावर उभी राहून अंडी उबवणारी पाखरं, उद्या खाऱ्या सरोवरातले गुलाबी थवे, परवा समुद्रकड्यांच्या कपारीतली वस्ती. चिमणा देशोदेशी फिरू लागला. प्रत्येक ठिकाणाहून एक मोठा फोटो स्टुडिओत यायचा आणि तो भिंतीवर ठोकायचं काम दादाचं. गिऱ्हाइकं मान वर करून म्हणायची, वा, काय हात आहे तुमचा. मग दादाला सांगावं लागायचं की माझा नाही, पार्टनरचा.

तो मला म्हणायचा, "मी काढलेल्या फोटोंवर लोक परदेशी जातात आणि मी इथे त्यांची हनुवटी सरळ करत बसतो." म्हणायचा हसत. पण हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

जळायचा. सरळच सांगतो, आतून जळायचा. चिमण्याचा नुसता फोन आला तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची.

आणि चिमणा परत आला की विमानतळावरून थेट दादाच्याच घरी. त्याचं लग्न झालं नव्हतं. मागे कोणी नाही, एक भाड्याची खोली आणि दुसऱ्या गावी थोरली बहीण. बॅग खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात फतकल मारायचा, वहिनीला हसवून हसवून बेजार करायचा, दादाच्या लेकीला मांडीवर घ्यायचा. तिला तो पिल्लू म्हणायचा. दुसरं कोणी तसं म्हणत नसे. निघताना दरवेळी दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुझी मजा आहे लेका. बेल वाजवली की तुझ्यासाठी कोणीतरी दार उघडतं."

दादाला वाटायचं, हा जखमेवर मीठ चोळतोय. चिमणा मनापासून बोलतोय हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या वेळी चिमण्याचा फोन आला तो कुठल्याशा समुद्रकड्यावरून. मागे वारा घोंघावत होता. दलदलीत करकोचे परत आलेत, असं दादाने त्याला सांगितलं. चिमणा म्हणाला, "या खेपेला तू बस. मी चालतो. शब्द देतो तुला."

दुसऱ्या दिवशी कड्यावरून त्याचा पाय घसरला. खाली समुद्र होता. शोधाशोध खूप झाली, पण सापडली ती फक्त वर ठेवलेली बॅग.

ती बॅग घेऊन चिमण्याची बहीण दादाकडे आली. याची किंमत तुलाच कळेल, म्हणाली. आत ती मोठी लेन्स होती, दादाने आयुष्यभर जिच्याकडे चोरून पाहिलं ती. दादा रडला. खरंच रडला. पण रडता रडता मनाच्या तळाशी बारीकसं बरंही वाटलं, असं त्यानेच मला सांगितलं. आता भिंतीवर नवा फोटो येणार नव्हता.

पुढच्याच रविवारी तो लेन्स घेऊन दलदलीत गेला. एकटा.

आत जाऊन बसला. ऊन वर आलं. पलीकडच्या झाडावर करकोच्याची मादी बसली होती, पण घरट्याकडे येईना. साहजिकच होतं. एक माणूस आत गेलेला तिने पाहिला होता आणि बाहेर कोणी आलं नव्हतं. दादाचे पाय आखडले, मान धरली. आणि मग त्याचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं साठलेलं सगळं तोंडाशी आलं. शेजारी चिमण्याचं रिकामं स्टूल होतं. त्या स्टुलाकडे बघून तो दात-ओठ खात म्हणाला,

"शब्द दिला होतास ना? जन्मभर मी चाललो. आज तू चाल. ऊठ."

बाहेरचा कलकलाट एकदम थांबला.

आणि मग…

स्टूल करकरलं. माणूस उठल्यावर करकरतं तसं.

मागचा पडदा बाजूला झाला… आणि पुन्हा पडला.

फळ्यांवर पावलं वाजू लागली. सावकाश, मुद्दाम पाय आपटत. मधूनच खोकला येत होता.

तो खोकला चिमण्याचा नव्हता. दादा म्हणतो, तो खोकला मी हजारदा घशातून काढलाय, मी ओळखणार नाही का? तो त्याचा स्वतःचा खोकला होता… आणि त्याच्यापासून लांब लांब जात होता.

त्याने मागची फट उघडली. वाटेवर कोणी नव्हतं. ऊन पडलं होतं. पण फळ्या एकामागून एक दबत होत्या, त्यांच्या कडेने पाणी वर येत होतं, आणि ते पाणी शहराच्या दिशेने चाललं होतं.

पाठीमागे पंखांचा आवाज झाला. मादी घरट्यावर उतरली होती.

दादाने फोटो काढले. काय करणार, हात आपोआप चालले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो फोटो त्याला त्या सकाळी मिळाला. मादीने एकदा लपणाकडे थेट पाहिलं आणि शांतपणे चोच पिसांत घातली. तिच्या लेखी आत कोणीच नव्हतं.

तो घरी आला तेव्हा दुपार झाली होती. आनंद आणि भीती दोन्ही अंगात मावत नव्हती. बेल वाजवली. वहिनीने दार उघडलं आणि ती बघतच राहिली.

"अहो, तुम्ही बाहेर कधी गेलात? आत्ता तर आत झोपला होतात."

दादाला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती म्हणाली की तुम्ही तर मघाशीच आलात. आल्या आल्या स्वयंपाकघरात खालीच बसलात, किती दिवसांनी दोनदा चहा मागितलात, मला इतकं हसवलंत की दूध उतू गेलं. मग जेवलात आणि पडतो म्हणून आत गेलात. लेक धावत आली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून म्हणाली,

"बाबा, आज तू मला पिल्लू म्हणालास!"

दादा तिला सोडवून आत धावला.

आतल्या खोलीत पलंगावरची चादर चुरगळलेली होती. उशीला खळगा पडला होता. त्याने हात लावून पाहिला… उशी गार होती, आणि ओली. जीभ लावली तर खारट.

उंबऱ्यापासून त्या खोलीपर्यंत फरशीवर दलदलीचा चिखल वाळला होता. पावलांचे ठसे आत गेलेले होते.

बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

शहाणा माणूस पुन्हा तिकडे फिरकला नसता. पण दादाने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला, आणि गिऱ्हाईक म्हणालं वा, काय हात आहे तुमचा. या खेपेला त्याला नाही म्हणावं लागलं नाही. ती चव जिभेवर राहिली. तो पुन्हा गेला. आणि पुन्हा. आत बसायचा आणि हळूच म्हणायचा, चल रे. स्टूल करकरायचं. पाखरं अशी जवळ यायची की लेन्स मागे घ्यावी लागायची. बाहेरच्या मासिकांत त्याचं नाव छापून आलं.

आणि दर रविवारी तो घरी पोचायच्या आधी घरात मजा होऊन गेलेली असायची. अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव. वहिनीच्या गालावर अजून न ओसरलेलं हसू. दादा आत शिरला की ते हसू जरा आवरलं जायचं. त्याने वहिनीला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की तुला हसवणारा मी नव्हे? आता त्याला चिमण्याचा मत्सर वाटू लागला, पूर्वी वाटायचा त्याहून कितीतरी जास्त. पूर्वी निदान तो परदेशी तरी असायचा.

मग एका शनिवारी लेक त्याच्या पाठीवर रेलून लाडात म्हणाली, "बाबा, उद्या जाशील ना रे फोटो काढायला? जा ना. तू फोटो काढून येतोस ना, तेव्हा छान असतोस."

त्या दिवशी त्याने लेन्स कपाटात टाकली आणि कुलूप घातलं. भिंतीवरचा फोटोही उतरवला. पुन्हा दलदलीकडे गेला नाही.

हे सगळं त्याने मला गेल्या आठवड्यात सांगितलं. सकाळीच माझ्याकडे आला होता. आम्ही गॅलरीत बसलो होतो. बोलून झाल्यावर तो कठड्यावर कोपर टेकवून नुसता बसून राहिला. मी त्याची समजूत काढत होतो. म्हटलं, दु:खाने होतं असं, भास होतात, आता संपलं ना सगळं.

तेवढ्यात एक होला, कबुतराच्या जातीतलं छोटं पाखरू, येऊन कठड्यावर बसला. दादाच्या कोपराला खेटून. मी हात हलवला तसा तो दचकला, उडाला, एक गिरकी घेतली… आणि येऊन दादाच्या खांद्यावर बसला. पिसं फुगवली आणि डोळे मिटले.

तसा हा कोणालाही हेवा वाटावा असा प्रसंग. दादाचे डोळे भरून आले होते. तो हललाही नाही. पाखरू इतकं निर्धास्त कधी असतं, हे त्यानेच मला मघाशी समजावलं होतं.

जेवायची वेळ झाली होती, म्हणून आत जाऊन वहिनीला फोन लावला. म्हटलं, दादा आज इकडेच जेवेल, वाट बघू नका.

वहिनी हसली. "कोण दादा? अहो भाऊजी, हे तर केव्हाचे घरी आलेत. ताटावर बसलेत. तुम्हीच या ना इकडे."

मागे कोणीतरी खोकलं…

मी फोन ठेवला. गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिलो. होला अजून खांद्यावरच होता. दादाने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"घरी आहे ना तो?" त्याने विचारलं.

मी होल्याकडे बघत राहिलो.

"एवढंच सांग. मागे लेकीचा आवाज येत होता का रे? हसत होती?"

येत होता. खळखळून हसत होती ती. तिला तसं हसताना मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, नाही, काही ऐकू आलं नाही.

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने तो उठला, चपला घातल्या, घरी जातो म्हणाला आणि जिना उतरून गेला. आमच्या दारातला हा जिना जुना, लाकडी आहे. कोणी चढलं-उतरलं तर घरभर आवाज येतो. मी दारात कान देऊन उभा होतो.

त्या दिवसापासून मी त्याच्या घरी फोन केलेला नाही. वहिनीचे दोनदा येऊन गेले. मी उचलले नाहीत. माझ्याकडून तो निघाला होता, आत आलेला मी पाहिला होता, बाहेर जातानाही पाहिला होता. पण तो उतरताना जिना अजिबात वाजला नव्हता.