सहमत असाल तर नापास

पद्मजा मॅडम म्हणाल्या, आपलं वाक्य शेजारच्याला द्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात एक बाई उशिरा आली. कूलरसमोरच्या सगळ्या जागा भरलेल्या पाहून ती माझ्या शेजारी बसली आणि मी कागद तिच्याकडे सरकवला. चेतनाची आणि माझी ओळख झाली ती अशी.

मुक्त विद्यापीठाचे इंग्रजी एमएचे वर्ग रायपूरला रविवारी भरतात. मी रेल्वेत मालगाडीचे डबे तपासतो. वय एकोणचाळीस. साहित्याशी माझा संबंध नव्हता, माझ्या बायकोचा होता. दीपमालाचं एमए अर्धं झालं आणि ती गेली. तिची पुस्तकं घरात होती. दोन वर्षं मी ती नुसती पुसली, मग फॉर्म भरला.

त्या महिन्यात एक गॉथिक कथा होती. डोंगरावरच्या बंगल्यात एक माणूस एकटा राहतो. मेलेल्या बायकोसाठी रोज रात्री ताट वाढून ठेवतो. सकाळी ताट रिकामं असतं. कोण जेवलं, ते कथा सांगत नाही. या कथेबद्दल आम्हाला एकच वाक्य लिहायचं होतं, पण असं की दुसऱ्याला त्यावर वाद घालता यावा. शेजाऱ्यानं ‘असहमत’ लिहून कारण दिलं तर वाक्य पास. ‘सहमत’ लिहिलं तर नापास, कारण जे सगळ्यांनाच मान्य आहे ते सांगण्यात काय अर्थ?

मी लिहिलं होतं, ‘या कथेत भीतीचं वातावरण आहे.’

चेतनानं वाचलं, खाली ‘सहमत’ लिहिलं आणि कागद परत दिला. पुढच्या रविवारी मी लिहिलं, ‘बंगला एकटेपणाचं प्रतीक आहे.’ पुन्हा सहमत. या वेळी ती ओठ दाबून हसत होती.

“भैया, आप झगड़े से डरते हो क्या?”

तिचे वडील गोंदियाचे, मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात ती रक्ताचे नमुने घ्यायची. मी तिला सांगितलं की आमच्या कामात वाद होईल असं काही लिहिता येत नाही. मोजलं तेवढंच लिहायचं. “नाही तर साहेब जबाब मागते. काहून लिहिलं, कोणाले विचारून लिहिलं.”

ती म्हणाली, इथं साहेब नाही, मीच आहे.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. दीपमालाच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक ओळ होती. नाव, तारीख, कारण. त्या ओळीवर कोणालाच काही म्हणता येत नव्हतं. तेव्हापासून मीही तशाच ओळी बोलत होतो.

तिसऱ्या रविवारी मी घाबरत घाबरत लिहिलं, ‘ताट भूत रिकामं करत नाही. नवराच करतो आणि त्याला ते माहीत आहे.’

तिनं दोनदा वाचलं. मग मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘असहमत.’ मॅडम पुढच्या रांगेत होत्या, तरी आम्ही भांडायला लागलो. तिचं म्हणणं, त्याला माहीत असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं ताट वाढलंच नसतं. माहीत असलेला माणूस स्वतःला कसा फसवेल?

“फसवत नाही,” मी म्हणालो. “माहीत असूनही वाढतात. मी रोज दोन कप चहा मांडतो.”

त्या दिवशी आम्हाला कूलरजवळ जागा मिळाली होती. त्याचं पाणी उडून कागदावर दोन थेंब पडले, ते तिनं ओढणीनं टिपले.

“दूसरा कप... कौन पीता है?”

“मीच. थंड झाल्यावर.”

मॅडमनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं आणि निम्मा वर्ग माझ्यावर तुटून पडला. मी उभा राहून प्रत्येकाला कथेतल्या ओळी दाखवत उत्तर देत होतो. इतका वेळ मी तीन वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो. चेतना तर विरोधी गटाची पुढारी होती. बाहेर पडताना ती म्हणाली, “बढ़िया लड़े, यशदीपजी.” त्या दिवसापासून तिनं मला भैया म्हणणं सोडलं.

नंतर दर रविवारी वर्ग सुटला की आम्ही फाटकाबाहेर चहा प्यायचो. तो गरम असतानाच संपायचा. ती चौबे कॉलोनीच्या ऑटोत बसली की मागे वळून बघायची. मी ऑटो वळेपर्यंत उभा राहायचो.

शेवटचा वर्ग आला. आता रविवार संपणार होते. मॅडम निकालाचं बोलत होत्या, निबंधात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. मी वहीतलं पान फाडून लिहिलं आणि तिच्याकडे सरकवलं.

‘चेतनानं यशदीपशी लग्न करावं, कारण त्याच्या घरी एक कप रिकामा आहे.’

ती बराच वेळ वाचत राहिली. मग लिहिलं, ‘असहमत. वो कप दीपमालाजी का है.’

बरोबर होतं. मला वाईट वाटलं, पण तिनं कागद माझ्यासमोरच ठेवला होता, आणि पेनही. मी कारण खोडलं. शेवटी खरं तेच लिहिलं, ‘कारण तू असहमत लिहितेस तेव्हा मले सोमवारीही जगावंसं वाटते.’

या वेळी तिनं पेन उचलायला वेळ लावला नाही. एकच शब्द लिहिला.

सहमत.

“मंग तर वाक्य नापास झालं,” मी कसाबसा म्हणालो.

तिचे कान लाल झाले होते. आणि ही हिंदीत बोलणारी पोट्टी मराठीत म्हणाली, “होऊ द्या नापास. पण कप मी माहा आणीन.”

आता आमच्या ओट्यावर तीन कप आहेत. दोन आमचे. तिसऱ्यात चेतनानं चमचे ठेवले आहेत, आणि तो तिथून कोणी हलवायचा नाही, असं तिनंच सांगून ठेवलं आहे.