भागू नको, मम्मी!

“हात लावू नका तिला! बस्स झालं, ताई... अब और नहीं!”

तृप्तीचा आवाज अंगणात असा कडाडला, की शेजारच्या रंभाबाई हातातलं धुणं टाकून कुंपणापाशी धावत आल्या. चार वर्षांची हिमानी आईच्या कडेवर हुंदके देत होती, तिच्या हनुवटीतून रक्ताची बारीक धार फ्रॉकवर ओघळत होती, आणि यमुना... हिमानीची मोठी माय, त्या घरातली थोरली सून... ओला पदर हातात धरून, पुढं टाकलेलं पाऊल मागं घेऊन, जागच्या जागी थिजून उभी होती.

“बकरीच्या पिल्लानं ढुशी मारली माझ्या पोरीला! तुमच्यामुळं! रोज उठून तिला जनावरांत नेऊन बसवता!”

“मम्मी, तू ओढलं...” हिमानी रडता रडता म्हणाली. पण त्या गलबल्यात लेकराच्या बोलण्याकडं लक्ष कोण देणार?

यमुनानं मात्र ते ऐकलं. ऐकलंच काय, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. रंभाबाईंचं पांढरं करडू हिमानीच्या मुठीतला पाला खायला तिच्या मांडीवर पुढचे दोन पाय टेकून उभं राहिलं होतं, आणि पोर खुदुखुदु हसत होती. तेवढ्यात तृप्ती दारातून किंचाळत आली, तिनं लेकीचा दंड धरून हिसडा दिला, आणि पोर ओट्याच्या पायरीवर तोंडघशी आपटली! करडू बिचारं तर घाबरून केव्हाच पळालं होतं.

एक शब्द बोलली असती यमुना, तर सारा दोष तिथंच फिटला असता. पण तृप्तीचा पांढराफटक पडलेला चेहरा तिनं पाहिला, आणि तो शब्द तिनं गिळून टाकला. या क्षणी या आईला “तूच पाडलंस” असं सांगणं म्हणजे तिच्या काळजात सुरी खुपसणं होतं...

आणि नेमकी तेव्हाच सुरी शिरली ती यमुनाच्याच काळजात.

“स्वतःचं असतं ना, तर कळलं असतं तुम्हाला!”

दारात उभ्या असलेल्या सासूबाई, मालूबाई, “तृप्ती!” म्हणून ओरडल्या. पण बोललेला शब्द हवेत राहिला तो राहिलाच. ललित घाईघाईनं मोटरसायकल काढून बायको-पोरीला दवाखान्यात घेऊन गेला, रंभाबाई मान खाली घालून घरात गेल्या, आणि यमुना ओट्याच्या पायरीवर सांडलेलं रक्त आपल्या पदरानं पुसत बसली.

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, कूस उजवली नव्हती. पण त्याचा उच्चार या घरात कधी झाला नव्हता. नवऱ्यानं, हिरामणनं, कधी केला नाही, सासूनंही नाही. आणि हिमानी जन्मली, ती सातव्या महिन्यात, चिमणीएवढी, तेव्हा तिला छातीशी बांधून ऊब देत बसली होती ती यमुनाच! तृप्तीला ताप होता, आणि मोठी माय त्या एवढ्याशा जिवाचा श्वास मोजत होती. मग तिला कुणी कशाला सांगावं, स्वतःचं आणि परक्याचं?

एवढ्या कष्टानं वाचलेलं लेकरू, म्हणून तृप्ती त्याला जपायची. पण ते जपणं हळूहळू दार-खिडक्या बंद करणं झालं. अंगणात माती, ओट्यावर मुंग्या, गल्लीत कुत्री... सगळ्याची भीती! हिमानी मोबाइलवर गाय बघायची, मोबाइलवर वाघ बघायची. एका सकाळी रंभाबाईंचा कोंबडा कुंपणावर चढून खणखणीत आरवला, तर या पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, “मोठी माय, आवाज कमी कर ना त्याचा!”

सगळे हसले. यमुनालाही हसू आलं. पण त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी लागलं. माहेरी, डोईफोडियाच्या रानाकडेला, गुराढोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेली बाई ती! आपल्या हातावर वाढणाऱ्या पोरीला कोंबडासुद्धा खरा वाटू नये?

त्या दिवसापासून तिनं ठरवलं. लपूनछपून काही नाही, आणि एकदम काही नाही. आधी गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं, आणि चिमण्या कशा येतात, आधी मान वाकडी करून आपल्याकडं कशा बघतात, ते दोघी दाराआडून बघत बसल्या. मग गुळाचा खडा आणि त्याला लागलेल्या मुंग्या. मग भाजीची देठं घेऊन रंभाबाईंच्या शेळीला, पण कुंपणाच्या अलीकडूनच. स्टेशनच्या रस्त्यावर टांग्याचा घोडा उभा असला की दोघी लांब थांबायच्या, आणि त्याचे कान कुठं वळतात ते हिमानी सांगायची. तापीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. पोरीला वाटलं तर पुढं जायचं, नाही वाटलं तर यमुना कधी ओढायची नाही.

“खात असलं की हात नाही लावायचा,” ती शिकवायची. “पिल्लं जवळ असली की लांब राहायचं. आणि कुत्रं भुंकलं तर?”

“भागायचं नाही!” हिमानी ओरडायची. “झाडासारखं उभं राहायचं!”

आणि घरी आलं की साबण लावून हात धुवायचे, ते मात्र चुकायचं नाही.

तृप्ती हे बघायची, कुरकुरायची. पण लेक हसते, जेवते, रात्री गाढ झोपते म्हणून गप्प राहायची. आज तिच्या त्या गप्प राहण्याचा बांध फुटला होता...

संध्याकाळी हिमानी हनुवटीला दोन टाके घालून आली. हिरामण केळीच्या गाड्या भरून अजून परतायचा होता, आणि यमुनाला घोर लागला तो त्याचाच. ते वाक्य त्याच्या कानावर गेलं तर? भावावर जीव टाकणारा माणूस. पण बायकोच्या त्या एका दुखऱ्या जागेवर कुणी बोट ठेवलं, तर त्याच दिवशी चूल वेगळी करील! आणि चूल वेगळी झाली, की अंगणात भिंत यायला कितीसा वेळ?

तिनं हिरामणला जेवायला वाढलं आणि शांतपणे म्हणाली, “सुकलालदादाचा फोन आला होता. वहिनी पाय मुरगळून पडलीय, गुरांचं करायला कुणी नाही. मी जाऊन येते थोडे दिवस डोईफोडियाला.”

“जा ना. विचारतेस काय?” हिरामण म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तृप्तीनं ते ऐकलं. असा कोणताही फोन आला नव्हता, हे तिनं ओळखलं. तिनं यमुनाकडं पाहिलं. पण यमुनानं मान वर केली नाही.

सकाळी हिमानी झोपेत असतानाच यमुना निघाली. तिला जागं केलं असतं, तर पाय उंबऱ्याबाहेर पडलाच नसता!

डोईफोडियात भावानं, सुकलालनं, काही विचारलं नाही. बहिणीची पिशवी जरा जास्तच भरलेली पाहून त्यानं सारं ओळखलं. यमुना शेण काढायची, दूध काढायची, वासरांना पाणी दाखवायची... आणि मध्येच थांबून आजूबाजूला पाहायची, जणू मागून कुणीतरी विचारणार होतं, “मोठी माय, हे रडतंय का?” पण मागं कुणी नसायचं. डोळे भरून आले की ती गाईच्या पाठीवर डोकं टेकवायची.

इकडे बऱ्हाणपूरला एका दुपारी हिमानीच्या शाळेची गाडी आली नाही, म्हणून तृप्ती तिला आणायला पायी गेली. येताना पावरलूमच्या खटखटाटानं भरलेल्या गल्लीतून दोघी वळल्या, आणि एका हातगाडीखालून तपकिरी कुत्री दात विचकत, गुरगुरत बाहेर झेपावली!

तृप्तीच्या अंगातलं रक्त गोठलं. लहानपणी नेपानगरच्या मिल कॉलनीत असंच एक कुत्रं तिच्यामागं लागलं होतं, पोटरीचा लचका तोडला होता... तिनं हिमानीला उचलायला हात घातला, पाय पळायला वळले...

“भागू नको, मम्मी!” एवढ्याशा हातानं तिची साडी घट्ट धरून हिमानी म्हणाली. “भागलं की ती मागं लागते. झाडासारखं उभं राहा. हात खाली. तिच्या डोळ्यात नाही बघायचं.”

“हिमू... बेटा...”

“ती पण डरलीय, मम्मी. गाडीखाली बघ, तिची पिल्लं आहेत. तिला वाटतं आपण घेऊन जाऊ.”

तृप्ती उभी राहिली. हात खाली सोडून, नजर जमिनीला लावून उभी राहिली! कुत्री दोन पावलं पुढं आली, भुंकली, थांबली... हवेत नाक वर करून हुंगली. गाडीखाली डोळेही नीट न उघडलेली तीन-चार पिल्लं एकमेकांवर चढत होती. मायलेकी हळूहळू, एकेक पाऊल मागं सरकत गेल्या, आणि कुत्री पुन्हा गाडीखाली शिरून आपल्या पिल्लांना चाटू लागली.

गल्लीच्या तोंडाशी येताच तृप्ती एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि लेकीला कुशीत घेऊन ओक्साबोक्शी रडली. पोटच्या पिल्लासाठी दात विचकून अंगावर धावणारी ती कुत्री... आणि त्या दिवशी अंगणात ओरडणारी आपण! काय वेगळं होतं त्यात? कुत्री निदान थांबली तरी. आपण थांबलो नाही... हिसडा आपणच दिला होता, पोर तेव्हाच सांगत होती!

त्या संध्याकाळी घरात सगळे जेवायला बसले असताना तृप्ती ताटासमोरून उठली आणि हिरामणपुढं हात जोडून उभी राहिली.

“दादा, ताईंच्या वहिनीला काही झालेलं नाही. ताई माझ्यामुळं गेल्या.”

तिनं सगळं सांगितलं. करडानं काही केलं नव्हतं, हेही. आणि ते वाक्यही, जसंच्या तसं. ललितनं कपाळावर हात मारून घेतला. हिरामणचा घास हातातच राहिला. मग तो ताटात परत ठेवून त्यानं विचारलं.

“मला का नाही सांगितलं तिनं?”

“तुला सांगितलं असतं तर आज ही ताटं एका पंगतीत असती का रे?” मालूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. “पोरगी म्हणत होती, मम्मीनं ओढलं म्हणून. मी ऐकलं होतं. मलाही घर फुटायचं भ्या वाटलं, म्हणून मी गप्प बसले. सगळं त्या एकटीवर टाकलं आपण...”

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिरामणनं गाडी काढली. शेजारी तृप्ती, तिच्या मांडीवर हिमानी.

डोईफोडियात यमुना गोठ्यात बसून वासराच्या अंगावरच्या गोचिडी काढत होती. “मोठी माय!” ही हाक आली, आणि ती उठून उभी राहते न राहते तोच पोर गळ्यात पडली. यमुनानं तिला इतकं घट्ट धरलं, की दोघींचा श्वास अडकावा! तिच्या हनुवटीवरचा व्रण तिनं अंगठ्यानं चाचपला आणि त्यावर ओठ टेकले.

तृप्ती गोठ्याच्या बाहेरच थांबली होती. गाई होत्या ना आत! पण मग तिनं क्षणभर डोळे मिटले, ओठ घट्ट केले आणि दोन्ही बाजूंच्या गाईंमधून चालत येऊन यमुनाच्या पायांवर डोकं ठेवलं.

“ताई, मी काय बोलले हो ते... कोणत्या तोंडानं माफी मागू?”

“ऊठ, वेडे. ऊठ आधी.” यमुनानं तिचे खांदे धरले. “आईचं काळीज आहे, बोलून गेलीस...”

“नाही ताई! आईचं काळीज तुमचं होतं. मी पाडलं तिला, आणि तुम्ही पाहिलं होतं. तरी गप्प राहिलात!”

यमुनानं तिला उठवून शेजारी बसवलं. मग यमुना हळूच म्हणाली, “मी येईन गं. पण एक विचारू? लेकरू आहे. मातीत खेळेल, जनावराजवळ जाईल, पुन्हा कधीतरी पडेल, खरचटेल. तेव्हा काय करशील?”

तृप्तीनं क्षणभर विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं तिला.

“आधी घाबरीन,” ती म्हणाली. “मग तिला उचलीन. आणि मग तुम्हाला हाक मारीन.”

यमुनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“लहानपणी कुत्रं चावलं मला, ताई. सुया टोचल्या, आणि त्यानंतर कुणी मला कोणत्याच जनावराजवळ नेलं नाही. कसं उभं राहायचं, ते कुणी सांगितलंच नाही हो! माझ्या लेकीला तुम्ही सांगितलंत. आता मलाही शिकवा...”

यमुनानं तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता तो. तिनं तो ओढला नाही, नुसता धरून ठेवला, आणि वासरू आपणहून पुढं येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. वासरानं आधी हुंगलं. मग खरखरीत जिभेनं तृप्तीची बोटं चाटली. तृप्ती शहारली, “अगं बाई!” म्हणून ओरडली, पण हात तिनं मागं घेतला नाही! हिमानी टाळ्या पिटत गोठाभर नाचू लागली, आणि यमुनानं तिला दटावलं, “हळू! गाय बुजेल ना!”

हिरामण गोठ्याच्या मेढीला टेकून उभा होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि तो म्हणाला, “चला मग. ऊन चढायच्या आत निघू. यमुना, पिशवी आण तुझी.”

तृप्तीनं वर पाहिलं. तिच्या गालांवर आसवं होती, हाताला वासराची लाळ लागली होती, आणि चेहऱ्यावर एखाद्या लहान पोरीचं नवल होतं.

“दादा, राहू या ना आजचा दिवस इथंच? ताईंसोबत?”

हिरामणनं यमुनाकडं पाहिलं. तिनं पदर खोचला, तृप्तीच्या आणि हिमानीच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं, साबण पुढं केला, आणि सगळ्यांच्या भाकरी टाकायला चुलीकडं निघाली.