दहा लाख एक

पापनाशमला बस आली ती आधीच गच्च भरलेली. कंडक्टरने चंद्रमतीच्या हातात तिकीट कोंबलं आणि शेजारी दांड्याला लोंबकळणारा तरुण त्यावरचा नंबर बघून ओरडलाच, "अय्यो, पाच लाख दहा हजार पाचशे दहा! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा… सगळ्यांनी भाग जातो!"

"सतरानं पण जातो," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "ह्या बससारखीच आहे. सगळे आत!"

हा सेतुमाधव. दोघंही पापनाशमच्या शाळांत गणित शिकवायची आणि संध्याकाळी तंजावरला घरी परतायची. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. पुढचे चार महिने दोघांना नेमकी एकच बस कशी मिळत गेली, ते विचारू नये.

मग कुंभकोणमचे पाहुणे शुक्रवारी तिला पाहायला येणार असं ठरलं. ऐकून सेतुमाधवचा चेहरा उतरला.

"मी विचारलं तर… हो म्हणाल?"

तोंडाने 'हो' म्हणायचं तिला काही जमेना. तिने घाईघाईने कागदावर एक संख्या लिहून दिली. "फोडून बघा. मूळ संख्या असली तर मी एकटीच बरी. दोनच मूळ संख्यांचा गुणाकार असला तर… तुमी आन् मी. जास्ती निघाल्या तर गर्दी. विसरून जावा."

संख्या होती दहा लाख एक. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. दोघंच.

तीन दिवस तो बसला आला नाही. चंद्रमतीचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी तो स्टँडवर दिसला, हातात ओरत्तनाडूला बदलीचा अर्ज.

"चार निघाल्या," तो म्हणाला. "दोनदा तीन, मग एकशे एक, नऊ हजार नऊशे एक. ते दोन तीन म्हंजे आमची अम्मा आन् आत्या, नव्हे? कळलं मला."

"दहा लाख एकला तीनानं भाग? आकड्यांची बेरीज दोन येते!"

"दहा लाख कुठलं? नव्वद लाख नऊ की!" त्याने खिशातून कागद काढला.

चंद्रमतीने कपाळावर हात मारला. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्या वडिलांनी तिला देवनागरी शिकवली होती आणि घाईत आकडेही तिने तसेच काढले होते: १०००००१. सेतुमाधव घरी मराठी बोलायचा, पण शिकला तमिळ आणि इंग्रजीत. त्याला दोन्ही एक नऊच वाटले.

"एक आकडा वाचता येईना, आन् जन्माचं सोडून निघालात!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की सुटकेचं, तिलाही कळेना.

"पण… अम्मा आन् आत्या तर घरात आहेतच."

"असू द्या. त्या दोघींनी भागून पण उरतो ते आपणच," ती म्हणाली. "अप्पांना मी सांगते. तुमी आधी एक काढायला शिका."

बदलीच्या अर्जाच्या पाठीवरच तिने त्याला गिरवायला लावलं. "शेपूट खाली, सार… आणखी खाली." एक बस आली, भरून निघूनही गेली. अकरावा एक तेवढा बरा जमला. अर्ज मात्र कुणाला देण्याच्या लायकीचा उरला नाही.