विषयाबाहेर

त्या जिन्यावर ऊन तिरकं उतरायचं ते अगदी थोडा वेळ, आणि तेवढ्या थोड्या वेळासाठी ती सकाळपासून समोरच्या कट्ट्यावर ठाण मांडून बसली होती. ऊन उतरलं. कठड्याच्या सावल्या जागेवर आल्या. तिनं श्वास रोखला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं... आणि नेमका तेव्हाच हातात हत्यारांची पेटी घेतलेला एक उंचापुरा माणूस फ्रेमच्या मधोमध येऊन उभा राहिला. राहिला तो राहिला, वर तिच्याकडे वळून विचारतो कसा —

"काही हरवलंय का तुमचं?"

"हो. ऊन," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागे आहे. सरका."

तो सरकला, पण पुढे. आता फ्रेममध्ये जिना कमी आणि तोच जास्त दिसायला लागला. तेवढ्यात ऊनही गेलं.

"उद्या परत येईलच की," त्यानं तिची समजूत घातली. "मी वरची लिफ्ट दुरुस्त करायला चाललोय. लिफ्ट बंद आहे, म्हणून जिन्यानं."

एरवी तिला हसू आलं असतं. पण ती चिडली होती, आणि चिडली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आपण हौशी छायाचित्रकार मंडळाच्या चिटणीस आहोत, हा फोटो महिन्याच्या बैठकीसाठी होता, रोज चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून जो वेळ उरतो तो असा मातीत जातो, हे सगळं तिनं एका दमात त्याला ऐकवलं. त्यानं एवढ्यातून एकच गोष्ट उचलली.

"मंडळात कुणीही येऊ शकतं?"

पुढच्या बैठकीला तो आला. उशिरा, अर्थातच.

मंडळ भरायचं वाचनालयाच्या वरच्या खोलीत. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा आणि तापला की घरघर करणारा प्रोजेक्टर. दर महिन्याला एक विषय. फोटो पडद्यावर येतो, पण कुणाचा ते सांगायचं नाही. फोटोतलं माणूस ओळखीचं असलं तरी नाव घ्यायचं नाही. निकाल लागेपर्यंत काढणाऱ्यानं मिठाची गुळणी धरून बसायचं. मग हात वर करून ठरवायचं, 'विषयात' की 'विषयाबाहेर'. मतं समसमान पडली तर चिटणीस ठरवणार, आणि तेही कारण देऊन. शिवाय लागोपाठ तीन महिने ज्याचा फोटो विषयात बसला नाही, त्याचं सदस्यत्व रद्द. हे सगळे नियम तिचेच. नुसतं कॉफी प्यायला येणाऱ्यांचा तिला तिटकारा होता.

लिफ्टवाला कॉफी प्यायलाही वेळेवर यायचा नाही. रविवारी सकाळी सगळे वाचनालयाच्या पायऱ्यांवर जमून फोटो काढायला निघत. मंडळी पुढे जात आणि ती मागे थांबून राही. मग कोपऱ्यावरून पेटी खडखडवत हा धावत येई.

"आज काय?" ती विचारायची.

"एक आजोबा अडकले होते. दोन मजल्यांच्या मध्ये."

आता यावर बोलायचं काय? अडकलेल्या आजोबांना सोडवून आलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही, आणि याचाच तिला जास्त राग यायचा. त्या रागाच्या भरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली ते तिला कळलंच नाही. त्याला कळलं. तोही लगोलग आला.

"तू माझ्यासाठी थांबलीस?"

"वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. दार बंद करायला थांबले."

"अच्छा. किल्ली..." असं म्हणून तो गालातल्या गालात हसायचा, आणि ती तरातरा पुढे चालू लागायची.

फोटोंच्या बाबतीत तर आनंदच होता. पहिल्या महिन्यात तो पोहोचला तेव्हा पडदा गुंडाळून झाला होता. दुसऱ्या महिन्याचा विषय 'पाणी'. यानं आणला रिकाम्या बादलीचा फोटो.

"यात पाणी कुठंय?" निकालानंतर तिनं कपाळावर हात मारत विचारलं.

"संपलंय ना. म्हणून तर त्याची आठवण येते."

विषयाबाहेर! तिनं स्वतः सगळ्यात आधी हात वर केला होता.

घरी ताटावर बसल्या बसल्या ती ताईला हे सगळं साग्रसंगीत सांगायची. बादली, आजोबा, पेटीचा खडखडाट. एकदा ताईनं चमचा खाली ठेवला.

"या घरात हल्ली त्या लिफ्टवाल्याशिवाय दुसरा विषय निघत नाही, लक्षात आलंय का तुझ्या?"

"मी तक्रार करतेय, ताई!"

"कर की. पण अख्ख्या गावाचे डोळे तपासणारी तू... दिव्याखाली अंधार तो हाच."

ती जेवण अर्धं टाकून उठली. नंतर भूक लागली तेव्हा तिला ताईचा आणखी राग आला.

तिसऱ्या महिन्याचा विषय होता 'प्रतीक्षा'. या वेळी त्याचा फोटो बसला नाही तर तो मंडळातून बाहेर. नियम म्हणजे नियम. आठवडाभर ती त्याला बजावत राहिली. "बसथांबा काढ. दवाखान्याचं बाकडं काढ. काहीही काढ, पण बादली नको!" तो नुसता मान डोलवायचा.

बैठकीच्या संध्याकाळी तो चक्क वेळेवर आला, मागच्या खुर्चीवर बसला आणि बुटांकडे बघत राहिला. बाकीच्यांचे फोटो झाले. मग पडद्यावर शेवटचा फोटो आला, आणि तिच्या हातातली कॉफी कपातून बशीत सांडली.

वाचनालयाच्या पायऱ्या. मंडळी निघून गेलेली. लांबच्या वळणावर शेवटच्याची पाठ तेवढी दिसतेय. पायरीवर एकटी ती. खांद्याला बॅग, एक हात कमरेवर, कपाळाला आठ्या. सगळं सुरेख रेखीव, फक्त एका पायाचं पाऊल पुसट. रागानं आपटत होतं ते. आणि डोळे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लागलेले.

खोलीत सगळ्यांनी ओळखलं. नाव घ्यायचं नाही म्हणून सगळे घसा खाकरू लागले.

अध्यक्ष हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर ढकलला. "फोटोतली व्यक्ती नुसती वैतागलेली आहे. विषय 'वैताग' असता तर मी दोन्ही हात वर केले असते. ही प्रतीक्षा नव्हे. दार बंद करायला थांबली असेल."

"वैतागलेलं माणूस निघून जातं, साहेब," सिस्टर म्हणाल्या. जन्मभर रुग्णालयात काढलेल्या सिस्टर उगाच बोलत नसत. "आणि दाराकडे बघा ना. कुलूप लावून झालंय. तरीही थांबलीय."

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. दाराच्या कडीत कुलूप लख्ख दिसत होतं.

हात वर झाले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

"समसमान," अध्यक्ष म्हणाले. "चिटणीस?"

"मी... मला यात मत देता येणार नाही."

"का बरं?"

का ते सांगायचं म्हणजे फोटोतल्या बाईचं नाव घ्यायचं. तेही नियमात नाही. स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस किती नेटका पडतो हे तिला त्या क्षणी कळलं.

'विषयाबाहेर' म्हटलं की संपलं. अब्रू शाबूत, रविवार वेळेवर. सगळे वेळेवर निघतील, वेळेवर परततील. कोपऱ्यावरून कुणी पेटी खडखडवत येणार नाही, कुणी तिच्या फ्रेममध्ये कडमडणार नाही. तिनं असा एक रविवार डोळ्यांसमोर आणून पाहिला, आणि तिला रडूच आलं. मग रडू आल्याचा राग आला.

"विषयात आहे," ती म्हणाली.

"कारण द्यावं लागेल."

"द्यायलाच हवं का?"

"नियम तुमचाच आहे."

"बरं, घ्या कारण!" ती ताडकन उभी राहिली. "कुलूप केव्हाच लावून झालं होतं. दर रविवारी होतं. ती वाटच बघत होती. तो मुलखाचा उशीर करतो, कधी वेळेवर म्हणून येत नाही, आणि तो येईपर्यंत तिला काही म्हणजे काही सुचत नाही. झालं समाधान?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"कारण पुरेसं आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"आता मी बोलू का?" मागच्या खुर्चीतून आवाज आला.

"नाही!" ती ओरडली आणि बॅग उचलून खाली निघून गेली.

तो धावतच पायऱ्यांवर आला. या वेळी पेटी वरच विसरला होता.

"त्या दिवशी कोपऱ्यावरून वळलो आणि तू दिसलीस," तो म्हणाला. "एकच फोटो काढला. तू खरंच माझी वाट बघतेस की किल्लीसाठी थांबतेस, मला कळेना. म्हटलं, मंडळ ठरवेल."

"मंडळ ठरवेल? अरे, मला विचारायचंस!"

"काय सांगितलं असतंस?"

"...किल्लीसाठी थांबले म्हणून."

"बघ."

"दात काढू नकोस."

"नाही काढत. मला तू आवडतेस. त्या जिन्यावर 'सरका' म्हणालीस ना, तेव्हापासून. आता तू सांग—"

त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, आणि त्याचा चेहरा पडला. "लिफ्ट... आत एक बाई अडकल्यात. घाबरल्यात फार."

तिनं डोळे मिटले. मनात दहा आकडे मोजले. तरी राग गेला नाही, पण हसू आलं.

"जा. पेटी वर आहे."

"आणि तू?"

"तू जा आधी!"

तो पेटी घेऊन पळाला. मंडळी एकेक करून उतरली. तिनं वरचे दिवे बंद केले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बॅगेत टाकून पायरीवर उभी राहिली. सगळ्यांच्या मागे रेंगाळलेल्या सिस्टर तिच्यापाशी थबकल्या.

"किल्लीसाठी थांबलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्यासाठी."

सिस्टर गेल्या. तिनं एक हात कमरेवर ठेवला, रस्त्याच्या टोकाकडे नजर लावली, आणि तिचा पाय आपटायला लागला.