दुसऱ्याची फाइल

यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. लावायची गरजच पडली नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. सोमवार, सकाळचे अकरा, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं.

आमचे दाजी रंगारी. परांचीवरून पडले आणि मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला. पाय गेले. हात राहिले, पण नावाला. त्यांना एकच ध्यास होता. लेकीच्या, चिमणीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायचा.

उपचार केंद्रात हाताचा व्यायाम करून घेणारा रोबो होता. त्याला पट्ट्यांनी हात बांधायचा. रोबो हात हलवणार, आणि त्यात रुग्णाचा स्वतःचा जोर किती, तो आकडा स्क्रीनवर दिसणार.

दाजींचा आकडा तीन टक्क्यांपुढे सरकत नव्हता.

प्रत्येकाच्या हाताचं माप घेऊन वेगळी फाइल बनवतात. त्या दिवशी दाजींची फाइल उघडेना. नव्याने माप घ्यायला अर्धा तास लागतो, आणि बाहेर ही रांग! थेरपिस्ट बाईंनी दाजींच्या मापाशी जुळणारी, दुसऱ्याच एका रुग्णाची जुनी फाइल लावली.

"आजच्यापुरती चालेल," त्या म्हणाल्या.

रोबो सुरू झाला...

तीन. अकरा. चाळीस.

ऐंशी.

"अहो, ब्रश मारताय तुम्ही!" ताईने टाळ्याच पिटल्या.

दाजींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"मी करत नाहीये."

"मग काय मी करतेय?" थेरपिस्ट बाई हसल्या.

वीस वर्षं ब्रश धरलेला माणूस तो. ब्रश खाली जातो, वरही येतो. हा हात फक्त खाली येत होता. मग हवेत उचलला जायचा आणि पुन्हा वरून सुरुवात. मध्येच अडायचा... हलकासा हिसका द्यायचा... गुंता सोडवल्यासारखा.

बाईंनी रोबो बंद केला. पट्ट्या सोडल्या.

हात थांबला नाही.

आता कुणीच हसत नव्हतं.

"ही फाइल एका बाईंची," त्या पुटपुटल्या. "मुलीचे केस विंचरता आले पाहिजेत, एवढंच म्हणायच्या. ऐंशी टक्क्यांपर्यंत आल्या होत्या. मग ताप आला, आणि..."

त्यांनी फाइल तिथल्या तिथे पुसून टाकली. हात धप्पकन मांडीवर पडला.

मंगळवारी दाजींची स्वतःची फाइल लागली. तीन टक्के. तीन टक्क्यांचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी सकाळी सव्वासातला चिमणी त्यांच्या पुढ्यात स्टुलावर बसून शाळेचे बूट घालत होती.

हात उठला...

बोटं तिच्या केसांतून खाली आली. मग पुन्हा वरून.

"बाबा, तुझा हात चालायला लागला!"

घरात आनंदीआनंद. रोज सव्वासात वाजले की हात उठायचा. दाजी मला एकट्याला म्हणाले, "हात माझा आहे रे, पण फिरवतोय मी नाही. बोटांना तिचे केस जाणवतसुद्धा नाहीत."

मी म्हणालो, "दाजी, चांगलं होतंय त्यात कशाला खोट काढता?"

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मग चिमणीच्या डोक्यात उवा झाल्या. ताईने केस बारीक कापून आणले.

दुसऱ्या दिवशी, सव्वासात.

हात खाली आला... केस नाहीत.

पुन्हा वर गेला. पुन्हा खाली.

केस नाहीत.

मग तो शोधत शोधत मानेवर उतरला.

ज्या बोटांना चमचा धरवत नव्हता, ती चिमणीच्या मानेभोवती आवळली. दाजी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण अपघातापासून त्यांचा आवाज खोलीबाहेर जातच नाही. मी शेजारच्या स्वयंपाकघरात आरामात चहा पीत होतो! कप घेऊन खोलीत आलो तेव्हा पोर निळी पडत चालली होती.

माझा ओरडा ऐकून ताई धावत आली, पण दोघांना मिळून एक बोट हलवता आलं नाही.

झटापटीत ताईचा अंबाडा सुटला. केस त्या हातावर पडले...

हाताने चिमणीला सोडलं.

आणि तो ताईचे केस विंचरू लागला. शांतपणे.

चिमणी आता माझ्याकडे असते. डॉक्टरांना सगळं सांगून झालं. ते म्हणतात, प्रगती उत्तम आहे.

रोज सव्वासातला ताई स्टुलावर जाऊन बसते. नाही बसली तर तो हात काय शोधेल, हे पाहायची आमची हिंमत नाही. दाजी डोळे मिटून घेतात. गालावरून पाणी वाहत असतं, आणि ते पुसायला हात मोकळा नसतो.

हल्ली ताईचे केस फार गळायला लागलेत.