डमी आउटपुट

भर दुपारी कुठं भूत असतं का, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण रोशन माझा मावसभाऊ. गिऱ्हाइकापाशी थोडंफार खोटं बोलतो, माझ्यापाशी कधीच नाही.

२०२३ चा नोव्हेंबर. चामोर्शीचा आठवडी बाजार. दुपारचे तीन.

रोशनचं तिथं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दोन दिवसांआधी लटारूभाऊ आपल्या पोरीचा जुना लॅपटॉप घेऊन आले होते. पोरगी रंजीता, नर्सिंग शिकत होती. धडे मोठ्यानं वाचून त्यात रेकॉर्ड करायची. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला गेली, तिथं चिखलात साप डसला आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचली नाही.

"मशीन गेली तं गेली," लटारूभाऊ म्हणाले होते. "पण तिचा आवाज आहे त्याच्यात. तेवढा मले पाहिजे."

"चिंता नका करू भाऊ. उतरवून ठेवतो."

उतरवलाही. एका काळ्या पेनड्राइव्हवर.

जुन्या मशीनला विंडोज झेपेना, म्हणून त्यानं लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकायचं ठरवलं. ते आधी लिहायचं होतं दुसऱ्या पेनड्राइव्हवर. तोही काळाच. दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी...

घाईत त्यानं लिनक्स पहिल्यावरच लिहिलं. मग डिस्क पुसून लॅपटॉपमध्ये टाकलंही. काम झाल्यावर आवाज परत टाकायला दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहिला.

रिकामा.

पेनड्राइव्हवर लिनक्स लिहिलं की त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. पोरीचा आवाज लॅपटॉपमधूनही गेला आणि पेनड्राइव्हमधूनही गेला. त्या बापाला आता काय तोंड दाखवायचं?

विचार नको म्हणून रोशन ड्रायव्हरच्या, म्हणजे वाय-फाय, साउंड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागला. वाय-फाय दिसत नव्हतं. मोबाइल केबलनं जोडून इंटरनेट दिलं, ड्रायव्हर उतरवला, वाय-फाय आलं. कॅमेरा आला नाही. आणि साउंड तर मुळीच नाही. सेटिंगमध्ये एकच नाव दिसत होतं, 'डमी आउटपुट'. म्हणजे मशीनला साउंड कार्ड सापडलेलंच नाही.

तीनदा ड्रायव्हर बदलला. काही नाही. शेवटी मागचं झाकण खोलून त्यानं स्पीकरच काढून हातात घेतला.

आणि खरं सांगतो, त्याला बरं वाटलं. आवाजच निघत नाही म्हणून सांगता येईल.

तेवढ्यात लटारूभाऊ आले. बाजारातून नवा हिरवा शर्ट घेऊन अंगावरच चढवला होता.

"भाऊ, ड्रायव्हर बसून नाई राह्यला. आवाज नाई येत हो."

लटारूभाऊ तसेच लॅपटॉपसमोर बसले.

बाहेर बाजाराचा गलका होता. भाजीवाल्यांची ओरड, मिरचीवाल्याचा भोंगा...

मग एकदम काहीच ऐकू येईना.

आणि...

"रक्तदाब मोजताना रुग्णाला आधी पाच मिनिटं शांत बसवावं..."

पोरीचा आवाज. वाचून दाखवल्यासारखा.

"हेच! हेच वाचे माही पोट्टी!" लटारूभाऊ रडायलाच लागले. "कायले खोटं बोलून राह्यला होता बे?"

रोशननं हाताकडे पाहिलं. स्पीकर त्याच्या हातात होता.

स्क्रीनवर डमी आउटपुट.

पान उलटल्यासारखं वाजलं. मग...

"बाबा, हिरवा काऊन घेतला? निळा चांगला दिसते तुमाले."

लटारूभाऊ हसले. लॅपटॉप पोटाशी धरून निघून गेले.

पंधरा दिवस रोशनला अन्न गोड लागलं नाही. शेवटी खरं काय ते सांगायला तो त्यांच्या गावी गेला.

अंगणात त्यांची बायको आशाबाई होती.

"कापणी नाई झाली, धान बांधीतच झडून राह्यलं, भाऊ. दिवसभर त्या डब्याजवळच बसते हा माणूस. जेवत नाई. मले म्हणते, चूप बस, पोरगी बोलून राह्यली. मले तं काहीच ऐकू येत नाई."

रोशन दारात गेला. लटारूभाऊंपुढचा लॅपटॉप बंद होता. झाकण मिटलेलं.

पण त्याला ऐकू आलं. अगदी हळू...

"बाबा, इथी एकटं वाटते. किती दिवस लावता? या ना."

"येतो बाई," लटारूभाऊ म्हणाले. "येतो."

आशाबाईनं रोशनचा हात धरला. "तुमीच चालू केलं ना हे? आता तुमीच बंद करून द्या. पाया पडते तुमच्या."

जे त्यानं चालूच केलं नव्हतं, ते बंद काय करणार? आणि पेनड्राइव्हचं सांगायची तर हिंमतच उरली नव्हती. "उद्या येतो," म्हणाला आणि पळाला.

तो गेला नाही. डिसेंबर लागायच्या आत लटारूभाऊ गेले. रोशन मयतीलाही गेला नाही.

आशाबाईचा फोन अजून येतो. रोशन उचलत नाही. मागच्या आठवड्यात मी त्याच्या दुकानात बसलो होतो, मीच उचलला.

"भाऊ," ती म्हणाली, "आता मलेही ऐकू येऊन राह्यलं. दोघायचाही आवाज."

मी फोन ठेवला. रोशननं काय म्हणाली म्हणून विचारलं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.